पंचावन्न-बारा

आम्ही पुण्यास सेमिनरीत शिकत होतो, त्या काळातली गोष्ट. एक वृद्ध अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरू आम्हांला आठ दिवसांची ध्यानसाधना देण्यासाठी आले होते. उमेदीची सारी वर्षे त्यांनी बगदादमध्ये अध्यापनात घालविली होती. न्यू इंग्लंड प्रांताच्या येशूसंघीयांनी १९३२ साली तेथे बगदाद कॉलेज सुरू केले आणि १९६९ साली इराकी सरकारने त्यांना देशाबाहेर काढले, हा इतिहास त्यांच्याच तोंडून आम्हांला प्रथम कळला. मौनाचे दिवस संपले त्या संध्याकाळी मैदानावर आमचा फुटबॉल चालला होता. फादर कठड्यावर बसून पाहत होते. कोणीतरी विचारले, "फादर, तुम्ही कधी खेळलात का?" ते म्हणाले, "खेळलो नाही. पण एक सामना पाहिला आहे." आणि त्यांनी बोटाने हवेत दोन आकडे काढले : पंचावन्न आणि बारा.

पुढचा अर्धा तास त्या शांत, मितभाषी माणसाच्या अंगात जणू वारे संचारले होते. कोण कोठून धावला, चेंडू कोणाच्या हातून सुटला, प्रेक्षकांच्या टोप्या कशा उडाल्या, हे सारे त्यांनी काल घडल्याप्रमाणे सांगितले. शेवटी आमच्यातील एकाने सहज विचारले, "मग त्या रात्री मोठा जल्लोष झाला असेल!" फादर थांबले. "चॅपेलची वेळ झाली," म्हणाले, आणि उठून गेले. विजयाची गोष्ट सांगणारा माणूस विजयाच्या रात्रीबद्दल गप्प का झाला, याचा उलगडा आम्हांला पुष्कळ वर्षांनी, वाचनातून झाला. ती सगळी कथा आज वाचकांपुढे ठेवावी असे वाटते.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात येशूसंघाची दोन जुनी महाविद्यालये आहेत. वुस्टर शहरातील होली क्रॉस आणि बोस्टनचे बोस्टन कॉलेज. दोहोंमध्ये अंतर जेमतेम पासष्ट किलोमीटरांचे. आज ती मान्यवर विद्यापीठीय शिक्षणकेंद्रे म्हणून ओळखली जातात. पण त्यांचा जन्म मानाचा नव्हता. तो प्रदेश प्युरिटन पंथीयांचा. कॅथोलिक माणूस तेथे उपरा. ११ ऑगस्ट १८३४ च्या रात्री बोस्टनलगतच्या चार्ल्सटाउन येथील उर्सुलाइन भगिनींचा मठ जमावाने जाळून टाकला. त्या वेळी बोस्टनचे बिशप होते बेनेडिक्ट फेनविक, स्वतः येशूसंघीय. त्यांनीच १८४३ साली वुस्टरच्या टेकडीवर महाविद्यालय काढले आणि त्याला आपल्या कॅथेड्रलचेच, पवित्र क्रुसाचे, नाव दिले. १८४९ साली राज्याच्या विधिमंडळाने या महाविद्यालयाला सनद नाकारली. १८५२ साली त्याची मुख्य इमारत आगीत गेली. १८६५ पर्यंत येथील मुलांना पदव्या मिळत त्या दूरच्या जॉर्जटाउनच्या नावाने.

बोस्टन कॉलेज १८६३ चे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक नासले, भयंकर दुष्काळ पडला, आणि जहाजे भरभरून माणसे बोस्टनच्या धक्क्यावर उतरली. गोदीत ओझी वाहणाऱ्या, श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या त्या माणसांच्या मुलांसाठी हे कॉलेज. होली क्रॉसची मुले वसतिगृहात राहणारी, बोस्टन कॉलेजची बहुतेक घरून ट्रॅमने येणारी. शतकाच्या अखेरीस हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाने आपल्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीतून या दोन्ही कॉलेजांना वगळले, तेव्हा येशूसंघीय आणि हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांच्यात मोठा वाद झडला. थोडक्यात, वरच्या आळीत दोघांनाही प्रवेश नव्हता. अशा वेळी माणसे काय करतात? आपसांत झुंजतात. १८९६ साली ही दोन कॉलेजे फुटबॉलच्या मैदानावर प्रथम समोरासमोर आली, आणि येशूसंघाच्या घरातली ती भाऊबंदकी नव्वद वर्षे गाजत राहिली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो पायापेक्षा हातानेच अधिक चालतो. अकरा खेळाडूंनी तो प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे नेला की टचडाउन होतो. त्याचे सहा गुण, आणि त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला की आणखी एक. अंगावर अंग घालून अडविणे हा नियमभंग नसून खेळाचा गाभाच आहे. आमच्यासारख्याला प्रथमदर्शनी ती एक शिस्तबद्ध मारामारीच वाटते. पण त्या काळी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलला जे स्थान होते, ते व्यावसायिक खेळालाही नव्हते. कॅथोलिक कॉलेजांना तर त्याचे मोल फारच होते. ज्या समाजाला न्यायालयात, बँकेत, विद्यापीठात मान नव्हता, त्याला शनिवारी दुपारी मैदानावर तो मिळे.

बोस्टन कॉलेज आणि होली क्रॉस यांचा सामना हंगामाच्या अखेरीस, नोव्हेंबरात होई. एकाच कुटुंबातील एक भाऊ किरमिजी-सोनेरी रंगाचा, तर दुसरा जांभळ्या रंगाचा. फ्रँक कॅव्हना नावाचे एक नामवंत प्रशिक्षक होते. जन्म वुस्टरचा, आधी होली क्रॉसला शिकविले, पहिल्या महायुद्धात गंभीर जखमी होऊन परतले आणि १९१९ पासून बोस्टन कॉलेजचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या जीवनावर १९४३ साली चित्रपटही निघाला. माहेर एकीकडे आणि संसार दुसरीकडे अशी त्यांच्यासारखी माणसे दोन्ही बाजूंना असत. म्हणूनच या सामन्याला धार होती. परक्याकडून हरल्याचे दुःख आठवडाभराचे. भावाकडून हरल्याचे वर्षभराचे.

आता १९४२ साल. अमेरिका युद्धात उतरून वर्ष होत आले होते. मैदानावरील बहुतेक तरुणांना ठाऊक होते की, हंगाम संपला की अंगावर गणवेश चढणार. बोस्टन कॉलेजचा संघ त्या वर्षी अजिंक्य होता. आठ सामने, आठ विजय. आणि या आठ सामन्यांत मिळून प्रतिपक्षांना त्यांनी अवघे १९ गुण घेऊ दिले होते. वृत्तपत्रांच्या राष्ट्रीय क्रमवारीत संघ पहिला. नववर्षदिनी होणाऱ्या 'शुगर बाउल' या मानाच्या सामन्याचे आमंत्रण हाताशी आलेच असे सर्वांनी धरले होते. होली क्रॉसची स्थिती अगदी उलट : चार विजय, चार पराभव, एक बरोबरी. २८ नोव्हेंबर, शनिवार. बोस्टनच्या फेनवे पार्कवर चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते, ते सामना पाहण्यासाठी कमी आणि राज्याभिषेक पाहण्यासाठी अधिक.

आणि घडले ते विपरीतच. जॉन ग्रिगास, जॉनी बेझीमीस आणि होली क्रॉसचे इतर गडी सुटले ते सुटलेच. ज्या संघाने आठ सामन्यांत १९ गुण दिले होते, त्याने एका दुपारी ५५ दिले. स्वतःचे झाले १२. या आकड्यांसंबंधी एक विलक्षण योगायोग नेहमी सांगितला जातो. सामन्याच्या छापील कार्यक्रमपत्रिकेच्या मुखपृष्ठावर बोस्टन कॉलेजच्या दोन कर्णधारांचे, फ्रेड नॉमेट्झ आणि माइक होलोव्हॅक यांचे, छायाचित्र होते. एकाच्या सदऱ्यावर क्रमांक ५५, दुसऱ्याच्या १२. सकाळी छापून आलेला तो कागद प्रेक्षकांनी संध्याकाळी पुन्हा उघडून पाहिला असेल, तेव्हा त्यांना काय वाटले असेल?

फादरांची गोष्ट येथे संपत असे. इतिहासाची येथे संपत नाही.

बोस्टनच्या पीडमाँट रस्त्यावर 'कोकोनट ग्रोव्ह' नावाचा नाइट क्लब होता. बोस्टन कॉलेजच्या विजयाची मेजवानी त्या रात्री तेथे ठरली होती आणि पराभवामुळे ती रद्द झाली, असे परंपरेने सांगण्यात येते. खेळाडू, त्यांचे चाहते खालमानेने अन्यत्र गेले. क्लब मात्र रिकामा नव्हता. परवानगी होती सुमारे ४६० माणसांची. आत होती हजाराच्या आसपास. रजेवरचे सैनिक व खलाशी, नवविवाहित जोडपी, सामना पाहून आलेले लोक. नावाला शोभेल अशी आतील सजावट : कागदी-कापडी माडाची झाडे आणि छताला ताणून लावलेले कापड. रात्री सव्वादहाच्या सुमारास तळघरातील मद्यगृहात आग दिसली. टेबले आवरणाऱ्या सोळा वर्षांच्या एका पोऱ्याने विजेचा दिवा बसविण्यासाठी काडी ओढली होती. सुरुवातीस सारे बोट त्याच्याकडे वळले. पण अधिकृत चौकशीत आगीचे कारण अज्ञात ठरले आणि तो मुलगा निर्दोष सुटला.

आग काही मिनिटांत जिन्याने वर आली. मुख्य दार फिरते होते. दोन्ही बाजूंनी माणसे रेटू लागताच ते अडकून बसले आणि त्याच्यामागे प्रेतांची रास पडली. इतर दारे काही आत उघडणारी, काही कुलूपबंद. पैसे न देता कोणी बाहेर जाऊ नये म्हणून ती बंद ठेवीत. आठच दिवस आधी अग्निशमन खात्याच्या तपासणीत ही जागा ठीक असल्याचा शेरा पडला होता. दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी असती तर निदान तीनशे जीव वाचले असते, अशी साक्ष पुढे अधिकाऱ्यांनी दिली. मृतांची संख्या ४९२. बोस्टन हे तोवर मोठ्या प्रमाणात कॅथोलिक शहर झाले होते. रस्त्यावर आणि रुग्णालयांच्या ओवऱ्यांत धर्मगुरू एकेका देहापाशी वाकून अखेरचा अभ्यंगसंस्कार देत होते.

आमच्या येथील वाचकांना एक गोष्ट जाता जाता सांगतो, रागावू नये. हे प्रकरण वाचून उठलो ते थेट आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात गेलो. बाजूचे दार आतून साखळी लावून बंद होते. विचारले तर कळले, नाताळच्या कार्यक्रमाला पोरे तिकिटाशिवाय घुसतात म्हणून. छताला कापडी झालर होतीच.

क्लबचा मालक सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरला. १९४३ साली त्याला बारा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. आगीच्या वेळी बोस्टनचे महापौर असलेले मॉरिस टोबिन पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. त्यांनी १९४६ साली त्या कर्करोगग्रस्त कैद्याला माफी दिली. काही महिन्यांत तो वारला. आज जगातील असंख्य मोठ्या इमारतींत फिरत्या दाराच्या शेजारी बाहेर उघडणारे साधे दार असते, बाहेर जाण्याच्या वाटेवर दिवा लावलेला असतो, त्यामागे या ४९२ जणांचे मरण आहे.

मेजवानी रद्द झाल्याची कथा मात्र वेगळ्या रूपाने पसरली. देवाने बोस्टन कॉलेजला हरविले आणि वाचविले! धर्मगुरूला अशी कथा म्हणजे आयते प्रवचनच. कबूल करावयास हवे की, आम्हीही ती एकदा वेदीवरून सांगितली. पराभवातही देवाची योजना कशी असते, हे मोठ्या तोऱ्यात समजावून दिले. ख्रिस्तयाग संपल्यावर एक बाई सॅक्रिस्टीच्या दाराशी उभ्या राहिल्या. वर्षभरापूर्वी त्यांचा मुलगा कामावर जाताना लोकलमधून पडून गेला होता. शांतपणे म्हणाल्या, "फादर, मग त्या दिवशी आमच्या पोराची गाडी का नाही चुकवली देवाने?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. शिलोआमचा बुरुज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयी प्रभू येशूने काय म्हटले, ते लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. ते यरुशलेममधील इतरांहून अधिक अपराधी नव्हते, एवढेच तो सांगतो. ते का मेले हे तो सांगत नाही. मग आम्ही का सांगावे? ४९२ जणांच्या चितेवर उभे राहून एका संघाच्या सुटकेसाठी देवाचे आभार मानणे, यात श्रद्धेपेक्षा स्मरणशक्तीचा आळस अधिक आहे असे आम्हांला आता वाटते. जे वाचले त्यांनी कृतज्ञ असावे, हे खरेच. परंतु त्या कृतज्ञतेचा सिद्धान्त बनविला की, मेलेल्यांच्या आप्तांवर दुसरा घाव बसतो.

त्या रात्रीनंतर बोस्टनच्या डॉक्टरांनी जे केले, ते आम्हां धर्मगुरूंना अधिक शिकविणारे आहे. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात भाजलेल्यांवर नव्या पद्धतीने उपचार झाले. प्रयोगावस्थेत असलेले पेनिसिलिन न्यू जर्सीहून तातडीने आणविण्यात आले. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातलगांशी बोलून शोकाचा अभ्यास केला आणि १९४४ साली तो प्रसिद्ध केला. शोकात छातीत दाटून येते, अन्न मातीसारखे लागते, मेलेला माणूस डोळ्यांपुढून हलत नाही, आणि 'मी काही केले असते तर' हा अपराधभाव माणसाला आतून पोखरतो, हे त्याने नोंदविले. आपली पत्नी गेली आणि आपण वाचलो, या विचाराने एका तरुणाने रुग्णालयाच्या खिडकीतून उडी घेतल्याचा वृत्तान्तही त्यात आहे. धर्मसंस्था दुःखितांना आजवर आधार देत आल्या हे लिंडेमन मान्य करतो. मात्र नुसते सांत्वन पुरेसे नाही, शोकाचे ओझे स्वतः वाहण्यास माणसाला सोबत लागते, असेही बजावतो. ते वाचताना सॅक्रिस्टीच्या दारातील त्या बाई आमच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्यांना उत्तर नकोच होते. त्यांना कोणीतरी ऐकून घ्यायला हवे होते, आणि आम्ही घाईघाईने आमची प्रवचनाची वही मिटली होती.

सामन्याची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. बोस्टन कॉलेजला शुगर बाउल मिळाला नाही. ऑरेंज बाउलमध्ये १ जानेवारी १९४३ रोजी अलाबामाकडून ते ३७-२१ असे हरले. त्यात होलोव्हॅकने तीन टचडाउन केले. पुढे तो आरमारात गेला, पॅसिफिकमध्ये टॉर्पेडो नौकेवर लढला, परत येऊन १९५१ ते १९५९ बोस्टन कॉलेजचा प्रशिक्षक झाला, आणि दर वर्षी होली क्रॉसला सामोरा गेला. १९६९ साली होली क्रॉसवर विचित्र संकट आले. जवळच्या एका आगीसाठी बंबांनी पाणी खेचले, नळांतील दाब घटला, आणि सराव मैदानाच्या नळात दूषित पाणी शिरले. शंभराजवळच्या संघातील जवळजवळ सर्वांना काविळीची लागण झाली. दोन सामन्यांनंतर हंगामच सोडून द्यावा लागला. त्या वर्षी दोन भावांची भेट झाली नाही.

नंतर भेट होई, पण बरोबरीची राहिली नाही. १९७८ साली बोस्टन कॉलेजने एकही सामना जिंकला नाही, होली क्रॉसविरुद्धही नाही. तो होली क्रॉसचा शेवटचा विजय. त्यानंतर बोस्टन कॉलेज मोठ्या पैशाच्या, दूरदर्शनच्या फुटबॉलमध्ये शिरले. २३ नोव्हेंबर १९८४ रोजी डग फ्लूटी याने मायामीविरुद्ध अखेरच्या क्षणी दूरवर चेंडू फेकून सामना ४७-४५ असा जिंकला. अशा हताश, लांब फेकीला अमेरिकेत 'हेल मेरी', म्हणजे आपले 'नमो मारिया', म्हणतात. रॉजर स्टॉबाक या कॅथोलिक खेळाडूने १९७५ साली, डोळे मिटून नमो मारिया म्हटले आणि चेंडू फेकला, असे सांगितल्यापासून तो शब्द रूढ झाला. प्रार्थनेचा असा उपयोग व्हावा का, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो. पवित्र मातेने रागावून काही केल्याचे ऐकिवात नाही. पुढच्याच आठवड्यात फ्लूटी वुस्टरला होली क्रॉसविरुद्ध खेळला आणि त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन चषक मिळाला.

होली क्रॉसने दुसरी वाट धरली. खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या छोट्या कॉलेजांच्या गटात ते १९८६ साली सामील झाले. त्या वर्षी त्यांचा संघ उत्तम होता. दहाच्या दहा सामने जिंकून तो बोस्टन कॉलेजपुढे उभा राहिला आणि ५६-२६ असा हरला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचे पारडे फिरले होते. त्या सामन्यानंतर होली क्रॉसने मालिका थांबविली. आमच्या मते तो निर्णय योग्यच होता. कॉलेज शिकविण्यासाठी असते. परंतु योग्य निर्णयही मनाला रुचतातच असे नाही. ऐंशीहून अधिक सामने झाल्यानंतर नोव्हेंबरातला तो शनिवार रिकामा पडला, आणि जी माणसे त्या एका दिवसासाठी मैदानावर भेटत ती पुढे अंत्यविधींनाच भेटू लागली असतील.

बत्तीस वर्षांनी, २०१८ साली, दोन्ही संघ पुन्हा भेटले. ६२-१४, बोस्टन कॉलेज. जुन्या लोकांनाही मान्य करावे लागले असेल की, आता ही जोडी विषम आहे. ९ सप्टेंबर २०२३ रोजी पुन्हा एकदा. त्या दिवशी विजा कडाडू लागल्या, खेळ दोन तासांहून अधिक काळ थांबला, प्रेक्षक पावसात पांगले. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा होली क्रॉस अखेरपर्यंत मागे लागलेले होते. निकाल : बोस्टन कॉलेज ३१, होली क्रॉस २८.

आमचे ते फादर तोवर हयात असण्याचा संभव नाही. शंभरी गाठली असती त्यांनी. पण तो निकाल वाचला तेव्हा आम्हांला पुण्याच्या मैदानाचा कठडा आठवला. तीन गुणांनी! ते असते तर चेंडू नेमका कोठे निसटला, हे त्यांनी आम्हांला अर्धा तास समजावून सांगितले असते. आणि या वेळी आम्ही त्यांना त्या रात्रीबद्दल विचारले नसते. चॅपेलची घंटा होईपर्यंत त्यांच्याजवळ नुसते बसून राहिलो असतो.